म्हातारपणाचा वाटा

10 नोव्हेंबर 1659 रोजी जावळीच्या रानात अफझलखानाची फौज मोडली. त्या लढाईत कारीचे कान्होजी जेधे होते, हिरडस मावळातले बांदल होते. म्हणजे आजच्या भोर तालुक्यातली माणसं. लढाईनंतरचा हिशेब सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं, मुलगा नव्हता तिथे बायकोला निम्मं वेतन बांधून दिलं. पेशवाईत अशा नेमणुकांना बालपरवेशी म्हणत.

ही सोय लढणाऱ्यांच्या घरांपुरती. बाकी कुळवाड्याला म्हातारपणी आधार जमिनीचा. मिताक्षरा या हिंदू वारसा-परंपरेप्रमाणे बाप-लेकांच्या वाटणीत बापाला मुलाइतका वाटा मिळतो आणि महाराष्ट्रात आईलाही मिळतो. तीन मुलगे असले की खाचराचे पाच वाटे. चुली वेगळ्या झाल्या तरी आई-बाप ज्याच्याकडे जेवतील तो त्यांचे वाटे कसायचा. त्यावरचं भात त्याच्या कणगीत. मग दवापाणी त्याच्याकडे आणि दिवसकार्यही त्याच्याचकडे. कागद क्वचितच व्हायचा. बैठकीला बसलेले चार भाऊबंद साक्षीला पुरत.

पण नदीकाठची खाचरं धरणांत गेली. वेळवंडीवर भाटघरचं लॉईड धरण 1928 मध्ये पुरं झालं. शेजारच्या वेल्ह्यात पानशेत आलं. ते 12 जुलै 1961 ला फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. वरकस जमिनीवर घर भागेना, तेव्हा कर्ती पोरं मुंबईला गिरणीत, गोदीत, हमालीला गेली. पोस्टमननं अंगठा घेऊन मोजून दिलेल्या मनिऑर्डरीवर गावाकडचं म्हातारपण निघू लागलं. 1952 च्या कायद्यानं गिरणी कामगाराला भविष्य निर्वाह निधी मिळाला, 1969 च्या कायद्यानं माथाडीलाही त्याची वाट मोकळी झाली. हा पैसा मात्र त्या कामगाराच्या स्वतःच्या उतारवयाचा. मनिऑर्डर थांबली तर गावातल्या आईनं काय करायचं?

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं मुलामुलींवर आई-बापांच्या पोटगीची जबाबदारी टाकली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 125 नं तीच दाद फौजदारी कोर्टात मिळू लागली, आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लग्न झालेल्या मुलीलाही त्यात धरलं. तरी कोर्टाची पायरी ती पायरीच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यापुढे आणला. भोर-वेल्ह्याच्या माणसाला त्यासाठी भोरचं प्रांत कार्यालय आहे. पोटगीची कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये.

त्याच कायद्याचं कलम 23 सातबाऱ्याला भिडतं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत मागता येते. ती अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. इकडे 2015 पासून मुलाच्या नावे शेतीचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये लागतं, त्यामुळे सही लवकर होते. त्या सहीआधी सांभाळण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. नाहीतर दोन साक्षीदारांपुढे मृत्युपत्र करावं. त्याला नोंदणीची सक्ती नाही आणि हयातीत ते केव्हाही बदलता येतं.