चांदीपुरा : एका तापाची कैफियत

हिवतापासारखी ठरावीक पाळी ज्याला नाही, ज्यात अंग मोडून येते आणि सांधे ठणकतात, पण नाडी व जीभ पाहून ज्याचे नाव निश्चयाने सांगता येत नाही, अशा तापाची साथ 1965 साली नागपुरात पसरली, तेव्हा वैद्यकवर्गाचा संशय डेंग्यू व चिकुनगुन्या यांवर गेला. आणि तो निराधार नव्हता, कारण चिकुनगुन्या 1963 साली कलकत्त्यात व 1964 साली मद्रासेत धुमाकूळ घालून या मुलखात उतरला होता.

रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने 1952 साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा पी. एन. भट्ट व एफ. एम. रॉड्रिग्ज यांना दोन प्रौढांच्या रक्तद्रवात भलताच ऐवज हाती लागला. काचनळीत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी मारणारा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा आणि अलर्काच्या म्हणजे रेबीजच्या कुळातील हा विषाणू सर्वस्वी नवा होता. नागपूरच्या ज्या चांदीपुरा वस्तीत तो सापडला तिचेच नाव त्याला देऊन 1967 साली त्याची रीतसर नोंद झाली.

परंतु रक्तात सापडणे निराळे आणि रोगाचे कारण म्हणून शाबीत होणे निराळे. डेंग्यू व चिकुनगुन्या त्याच हंगामात हजर असताना त्या दोन रुग्णांचा ताप नेमका कोणाच्या खाती मांडावा, याचा निवाडा होईना. शिवाय देशात ठिकठिकाणी माणसांच्या व जनावरांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळत, पण त्यामुळे कोणी दगावल्याचा पुरावा नव्हता. म्हणून निरुपद्रवी समजून त्याचे प्रकरण दप्तरी दाखल झाले.

ते पुन्हा उघडावे लागले 2003 साली. आंध्रातील 329 बालकांना तीव्र ताप, आकडी व बेशुद्धी यांनी ग्रासले, त्यांतील 183 दगावली, बहुतेकांचा घात अल्पावधीतच झाला. आणि तपासाअंती बोट चांदीपुरा विषाणूकडे वळले. 2007 साली खुद्द नागपूर विभागातील मुलांवर तीच आपत्ती ओढवली. मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलाव्यात वाढणारी, डासाहून पुष्कळ लहान अशी वाळूमाशी या विषाणूची वाहक मानली जाते.

चांदीपुऱ्याची ही कैफियत हेच सांगते की तपासणीत रक्तात काही सापडणे ही फिर्याद होय, निकाल नव्हे. आणि ज्या फिर्यादीला तूर्त साक्षीदार मिळत नाही ती खोटी ठरवून फाडून न टाकता जपून ठेवण्यातच वैद्यकाचा विवेक आहे.