भिंगाची निवड

आमच्या घरीं भिंतीवर एक जुना फोटो आहे. १८९० च्या सुमारास काढलेला. वाड्याच्या ओसरीवर, दोन खांबांच्या मध्यें, आमच्या पणजोबांचें कुटुंब ओळीनें बसलें आहे व उभें आहे. एकूण अकरा माणसें. मध्यभागीं पणजोबा. त्यांच्या पागोट्याच्या घड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. परंतु जसजशी दृष्टि कडेकडे जाते तसतसे चेहरे विरघळूं लागतात, आणि अगदीं उजवीकडे उभी असलेली बाई तर पाण्यांत पाहिल्यासारखी दिसते. ती कोण, याविषयीं घरांत एकमत नाहीं. कोणी म्हणे पणजोबांची बहीण, कोणी म्हणे धाकटी सून. आमच्या आजीचें म्हणणें असें कीं, बाई फोटोच्या वेळीं हलली, आणि हलणाऱ्याचें नांव राहत नाहीं.

हें स्पष्टीकरण आम्हीं पुष्कळ वर्षें मान्य केलें होतें. पुढें एकदां फोटो भिंतीवरून उतरवून बारकाईनें पाहतांना असें दिसून आलें कीं, बाईच्या शेजारचा खांबही तसाच पुसट आहे, आणि त्याच्या कडा फोटोच्या मध्याभोंवतीं गोल ओढल्यासारख्या आहेत. बाई हलली असेल. खांब कसा हलेल? दोष बाईचा नव्हता, भिंगाचा होता. आणखी नीट बोलावयाचें तर, भिंगाच्या निवडीचा होता.

मोठा कॅमेरा म्हणजे वस्तुतः एक घडीचा भाता. त्याच्या पुढच्या टोंकास फळीवर बसविलेलें भिंग, मागच्या टोंकास घासलेली काच. तिच्यावर उलटी प्रतिमा पाहून घ्यावयाची व मग तेथें पूर्वीं रसायन लावलेली काच, आतां फिल्म, बसवावयाची. फळीसकट भिंग काढून दुसरें लावतां येतें. म्हणून निवडीचा प्रश्न येतो. भिंगामागें प्रकाश वर्तुळांत पडतो आणि फिल्म तर चौकोनी; तिचे चारी कोपरे त्या वर्तुळांत मावले पाहिजेत. इमारतीचें चित्र घ्यावयाचें असेल तर याहूनही मोठें वर्तुळ हवें. कारण कॅमेरा वर कलविला कीं भिंती एकमेकींकडे झुकतात, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून भिंगाची फळीच वर सरकवावी लागते. उलट माणसाचा चेहरा घ्यावयाचा तर वर्तुळ लहान चालेल, पण प्रकाश भरपूर पाहिजे, कारण माणूस फार वेळ निश्चल राहत नाहीं. रुंदी आणि वेग, या दोन मागण्या एका भिंगांत नांदविणें हेंच त्या विद्येचें जुनें दुखणें होय.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेरची कृति प्रसिद्ध झाली तेव्हां त्याच्या कॅमेऱ्यास शेव्हालिये या चष्मेकाराचें भिंग होतें. तें निसर्गदृश्यांस बरें. पण त्याचें तोंड इतकें बारीक ठेवावें लागे कीं, चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत. घर, पूल, पुतळा यांस त्याची अडचण नव्हती. जिवंत माणसास होती.

त्याच वर्षीं व्हिएन्ना येथील एटिंग्सहाउझेन हे अध्यापक पॅरिसमध्यें होते. परत आल्यावर त्यांनीं आपले सहकारी, गणिताचे अध्यापक योझेफ पेट्झवाल, यांस हा प्रश्न हातीं घेण्यास सांगितलें. पेट्झवाल यांचें वय तेव्हां अवघें तेहतीसच्या आंतबाहेर. तोंवर भिंगें बनत तीं घासून, पाहून, पुनः घासून. पेट्झवाल यांनीं आधीं गणित केलें. आंकडेमोड इतकी प्रचंड होती कीं, आर्चड्यूक लुडविग यांनीं तोफखान्यांतील हिशेबांत तरबेज असे कांहीं सैनिक त्यांच्या दिमतीस दिले. तोफेचा गोळा कोठें पडेल याचा हिशेब करणारे हात प्रकाशकिरण कोठें पडेल याचा हिशेब करूं लागले, ही गोष्ट आम्हांस त्या सैन्याच्या कोणत्याही विजयाहून अधिक मोलाची वाटते. १८४० सालीं भिंग सिद्ध झालें. पुढें दोन कांचा चिकटविलेल्या, मागें दोन कांचा जरा अंतर ठेवून. त्यांत जुन्या भिंगाच्या सुमारें सोळापट प्रकाश येई. जेथें मिनिटें मोजावीं लागत तेथें सेकंद मोजण्याची वेळ आली, आणि फोटो काढून घेणें हा सामान्य गृहस्थाच्या आवाक्यांतला व्यवहार झाला.

तें भिंग प्रत्यक्ष बनविलें फॉइग्टलेंडर या व्हिएन्नाच्या कारखानदारानें. पेट्झवाल यांस एकदांच काय ती रक्कम मिळाली, दोन हजार गुल्डन असें सांगतात. कारखाना मात्र त्या भिंगावर भरभराटीस आला. दोघांचें बिनसलें. १८४९ मध्यें कारखानदारानें ऑस्ट्रियाबाहेर ब्राउनश्वाइग येथें बस्तान हलविलें, तेथें व्हिएन्नाचे हक्क कोण विचारतो! पुढें पेट्झवाल यांच्या घरीं चोरी होऊन प्रकाशशास्त्रावरील त्यांचें हस्तलिखित नाहींसें झालें, तें त्यांनीं पुनः लिहिलें नाहीं. १८९१ सालीं ते वारले. विद्वानानें विद्या करावी व दुकानदारानें दुकान करावें, ही वांटणी आमच्या व्यवसायांतील मंडळींस अपरिचित नाहीं. तरी येथें ती जरा जास्तच ठळकपणें दिसते.

पण पेट्झवाल यांनीं वेग मिळविला तो कांहीं सोडून देऊन. त्यांच्या भिंगाची प्रतिमा मध्यें सुईसारखी तीक्ष्ण, आणि कडेला सपाट न राहतां वाटीसारखी वांकते. एकट्या चेहऱ्यास हें उपकारकच, कारण डोळे व कपाळ स्पष्ट येऊन मागचा पडदा आपोआप विरतो. समूहास तें घातक. जाणते फोटोग्राफर म्हणून मंडळींस सरळ ओळींत न बसवितां अर्धवर्तुळांत बसवीत, दोन्ही टोंकें कॅमेऱ्याकडे वळवून, म्हणजे प्रतिमेची वाटी व माणसांची ओळ जमून जाई. आमच्या पणजोबांची मंडळी ओसरीच्या कडेशीं सुतांत ओंवल्यासारखी सरळ आहे.

आणि तोंवर दुसरें भिंग निघालेलें होतें, ही यांतली रुखरुख लावणारी गोष्ट. १८६६ सालीं म्युनिकचे श्टाइनहाइल आणि लंडनचे डालमायर यांनीं जवळजवळ एकाच वेळीं एकाच तऱ्हेचें भिंग काढलें: मध्यें छिद्र, आणि दोहों बाजूंस एकमेकांचीं प्रतिबिंबें शोभावीं अशीं दोन जोडभिंगें. एका बाजूचा वांकडेपणा दुसरी बाजू काढून टाकते, त्यामुळें खांब सरळ तो सरळच येतो. प्रकाश पेट्झवाल यांच्या भिंगाहून बराच कमी, परंतु कडेपर्यंत विश्वासू. पहिला कोण, यावर दोघांच्या पक्षांत भांडण झालेंच. पुढें आबे आणि शॉट यांनीं येना येथें नव्या जातीची कांच घडविली; तिच्या बळावर त्साइसच्या कारखान्यांतील रूडोल्फ यांनीं १८९० मध्यें कडेचे दोषही पुष्कळ अंशीं आंवरले, आणि १९०२ मध्यें चार कांचांचें टेसार भिंग दिलें. त्याचा बोलबाला फार काळ टिकला.

आमच्या प्रांतास ही विद्या उशिरां पोंचली असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं, म्हणजे दागेरनंतर अवघ्या पंधरा वर्षांत, निघाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी तींत उत्साहानें भाग घेत. पण मुंबईंतील सोसायटी वेगळी आणि गांवोगांव भाता व तिवई घेऊन हिंडणारा फोटोग्राफर वेगळा. त्याच्यापाशीं एकच भिंग असावें, तेंही चेहऱ्यांचें, कारण पोट चेहऱ्यांवर चाले. यजमान मध्यें नीट उमटला कीं पैसे मिळत. कडेच्या बाईची तक्रार कोण करणार?

पुढें गंमत अशी झाली कीं, सर्व कांहीं स्पष्ट टिपणारीं भिंगें हातीं येतांच कांहीं कलावंतांस स्पष्टतेचाच कंटाळा आला. त्यांनीं मुद्दाम मऊ चित्र देणारीं भिंगें करवून घेतलीं. त्याविरुद्ध १९३२ मध्यें कॅलिफोर्नियांतील कांहीं मंडळींनीं बंड केलें व आपल्या गटास अति बारीक छिद्राच्या आंकड्यावरून एफ ६४ असें नांव दिलें. दोन्ही पक्षांचें काम आम्हांस आवडतें, दोहोंची पोथीनिष्ठा नाहीं. आणि २०१३ मध्यें लोमोग्राफी या कंपनीनें पेट्झवाल यांच्याच नांवाचें भिंग लहान कॅमेऱ्यांसाठीं पुनः काढलें, कशासाठीं? तर कडेची ती भोंवऱ्यासारखी पुसटता हवी म्हणून. ज्या दोषानें आमच्या घरची एक बाई निनांवी झाली तो आतां पैसे मोजून विकत मिळतो.

आमचा एक जुना विद्यार्थी मोठ्या कॅमेऱ्यावर अजून फिल्म वापरतो. कोणतें भिंग घ्यावें, हें तो आम्हांस विचारावयास आला. वास्तविक त्यास आमच्याहून अधिक समजतें. फिल्मच्या कर्णाइतकें नाभ्यंतर, म्हणजे ४ × ५ इंची फिल्मला साधारण १५० ते १६० मिलिमीटर, हें नित्याचें; चेहऱ्यांस त्याच्या दीडपट, इमारतींस कमी, एवढें तो बोटांवर सांगतो. आम्हीं त्यास काय सांगणार? फोटो उतरवून त्याच्या पुढें ठेवला. त्यानें खिशांतून लहानसें भिंग काढून बराच वेळ पाहिलें. चेहऱ्यावर तें फिरवून उपयोग नव्हता. मग तो म्हणाला, "सर, हात बघा." बाईचा हात आंतल्या बाजूस, शेजारच्या मुलाच्या खांद्यावर आहे. तेथपर्यंत भिंग पुरलें होतें. मनगटावर चार बांगड्या, आणि दोन बोटें मुलाच्या अंगरख्यांत घट्ट रुतलेलीं. तें मूल म्हणजे आमचे आजोबा.