कर्जतची भूक, रक्तातली साखर

गेल्या पावसाळ्यात कर्जत स्टेशनबाहेर रानभाजी घ्यायला थांबलो होतो. टाकळा, कुर्डू, भारंगी असे वाटे लावून एक कातकरी मावशी बसली होती. वय पन्नाशीचं, अंगानं अगदी काटकी. पैसे घेताना तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "दादा, जरा वाचून दाव. डाक्टर बोलला साखर हाय." उपाशीपोटीची साखर १६८ होती. १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात.

मला आधी वाटलं, कागद दुसऱ्याच कुणाचा असेल. आमच्या घरात साखरेचा आजार म्हणजे दावती, शीरखुर्मा आणि बसून राहणं, असा हिशेब. खालाला साखर झाली तेव्हा सगळे तिच्या जिभेलाच बोलले. या मावशीला गोडाधोडाचं जेवण आयुष्यात कितीदा मिळालं असेल?

या प्रश्नाचा माग काढताना मी आठशे वर्षं मागे, मिसरमध्ये जाऊन पोचलो. अब्दुल लतीफ अल-बगदादी हा हकीम ११६२ साली बगदादमध्ये जन्मला आणि सलाहुद्दीन अय्यूबीच्या काळात कैरोला गेला. १२०० साली नाईलला पुरेसं पाणी आलं नाही आणि मोठा दुष्काळ पडला. बगदादीनं तो डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. त्यातली काही पानं वाचवत नाहीत. कैरोजवळ हाडांचे ढीग पडले होते. तिथं जाऊन त्यानं दोन हजारांवर कवट्या तपासल्या. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असं जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलन, सांगून गेला होता आणि शतकानुशतकं सगळे तेच शिकवत होते. बगदादीला प्रत्येक जबड्यात एकच हाड दिसलं आणि त्यानं तसं स्पष्ट लिहिलं.

याच बगदादीनं मधुमेहावर स्वतंत्र रिसालाही लिहिला आहे. भूक आणि साखर, दोन्ही विषय एकाच माणसाच्या लेखणीखाली आले. पण त्यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे त्या काळात कुणाच्याच ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

पचन अनेक ठिकाणी मिळून होतं, एवढं मात्र हकिमांना माहीत होतं. इब्न सीनाच्या परंपरेत चार 'हजम' सांगतात: जठरात, यकृतात, रक्तवाहिन्यांत आणि शेवटी प्रत्येक अवयवात. तपशील चुकीचे होते, तरी काम वाटून चालतं हे बरोबर होतं. हे अवयव एकमेकांना निरोप कसा देतात, हे कळायला विसावं शतक उजाडलं. त्याआधी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी यकृत साखरेचा साठा करतं आणि लागेल तशी ती सोडतं, हे दाखवलं होतं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या नसा तोडल्या आणि तिथं आम्ल सोडलं. नसा नसतानाही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. अशा निरोप्यांना स्टार्लिंगनी १९०५ मध्ये 'हॉर्मोन' हे नाव दिलं. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आलं.

हे सगळं आपण रमजानमध्ये रोज अनुभवतो. सहरीनंतर काही तास खाल्लेल्या अन्नावर निघतात. मग इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं आणि यकृत आपला साठा मोकळा करतं. तोही कमी झाला की चरबी जळू लागते. इफ्तारीला खजूर तोंडात गेली की आतडी लगेच स्वादुपिंडाला कळवतात आणि इन्शुलिन पुन्हा वर येतं. निरोगी माणसात ही ये-जा बिनबोभाट चालते. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यात ती बिघडू शकते. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, हे खालाला पटवायला आम्हाला तीन वर्षं लागली.

पण रोजाला संध्याकाळ असते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या भुकेला ती नसायची. दिवाळीच्या सुमारास भात घरात यायचं, होळीपर्यंत कणगी तळाला जायची आणि आषाढात सावकाराच्या दारात उभं राहावं लागायचं. खावटी म्हणून एक मण घेतलं की कापणीला सव्वा, नाहीतर दीड मण परत. कातकऱ्यांना तर स्वतःची जमीनही क्वचितच. पाऊस संपला की ते कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर निघायचे.

माथेरानचे भाई कोतवाल यांचं नाव निघालं की आपल्याला तोडलेले विजेचे मनोरे आणि २ जानेवारी १९४३ची सिद्धगडची गोळी आठवते. शाळेतही तेवढंच शिकवतात. मला त्यांचं त्याआधीचं काम जास्त मोठं वाटतं. नाभिक घरातला हा वकील कर्जत तालुक्यात धान्यकोठारं उभी करत होता. कापणीला सगळ्यांनी थोडं भात ठेवायचं, पावसाळ्यात गरजूनं उचलायचं, सावकार मधे नाही. उपासमार आभाळातून पडत नाही, दिढीच्या हिशेबातून येते, हे त्यांनी ओळखलं होतं.

वर्षामागून वर्षं अशी गेली की शरीर काटकसर शिकतं. थायरॉइडचं काम मंदावतं, स्नायू झिजतात. आतड्याचं अस्तर पातळ होतं, पाचक रस कमी होतात, म्हणून अतिकुपोषित मुलाला एकदम पोटभर भरवलं तर ते दगावूही शकतं. ही काटकसर आईच्या पोटातही चालते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडामांसानं बरीच लहान होती, पण त्या मानानं त्यांची चरबी फारशी कमी नव्हती. मेंदू वाचवायचा, चरबी राखायची, बाकीच्यांना थोडं थोडं द्यायचं, असा तो हिशेब. साखर जिरवणारे स्नायू त्यात कमी पडतात आणि स्वादुपिंडाच्या वाट्यालाही तुटवडाच येतो. पुढे पोटात तांदूळ, साखर, तेल जरा जास्त जाऊ लागलं की माणूस बारीक असूनही साखर चढते.

याज्ञिक सहभागी असलेलं आणखी एक संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीरात मधुमेहाकडे झुकणारे बदल झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांना पुरेसं खायला घालूनही ते पुसले गेले नाहीत. उंदरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही, आणि पुण्याचा अभ्यासही कर्जतचा नाही. तरी त्या मावशीच्या कागदावरचा आकडा तिच्या आजीच्या आषाढातून आला असावा, असं मला वाटतं. तिला "गोड खाऊ नको" एवढंच सांगणारा डॉक्टर तिची अर्धीच गोष्ट वाचतो.

पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं की गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायांची बाळं आकारानं मोठी होती. परवा पुन्हा कर्जतला गेलो. मावशी त्याच जागी होती. औषध सरकारी दवाखान्यातून मिळतं, म्हणाली. मी विचारलं, "मावशी, यातली भाजी घरी किती जाते?"

"इकत नाय ती," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.