गुप्तरोग आणि सांगलीचा धडा

सभ्य घरांत ज्यांचें नांव काढावयाचें नाहीं असा संकेत आहे, त्या रोगांविषयीं आज बोलावयाचें आहे. संकोच वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या संकोचानेंच आपलें फार नुकसान केलें आहे.

उपदंशाला आपल्याकडे गरमी म्हणतात आणि पुयमेहाला परमा. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें 'भावप्रकाश' ग्रंथांत 'फिरंगरोग' वर्णिला व त्यावर पाऱ्याचे कल्प सांगितले. फिरंगी म्हणजे युरोपीय. तिकडे इटलींत त्यालाच 'फ्रेंच रोग' म्हणत, आणि फ्रान्समध्यें 'नेपल्सचा रोग'. रोग नेहमीं दुसऱ्याचा!

इंग्रजी अमदानींत हा 'दुसरा' म्हणजे वेश्या ठरली. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें मोठ्या शहरीं व बंदरीं तिची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोग आढळल्यास तिला इस्पितळांत अडकवून ठेवीत. तिच्याकडे जाणारा पुरुष मात्र मोकळा. साहजिकच स्त्रिया तपासणी चुकवूं लागल्या. १८८८ मध्यें कायदा रद्द झाला, रोग राहिला.

पुढें शास्त्रानें मोठी मजल मारली. १९०५ मध्यें शौडिन व हॉफमन यांना गरमीचा जंतू दिसला. १९०६ मध्यें वासरमननें रक्तपरीक्षा शोधली. १९१० मध्यें एर्लिकचें साल्वरसन आलें. आणि १९४३ सालापासून पेनिसिलीननें गरमी खात्रीनें बरी होऊं लागली. मराठींत असलें ज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीं र. धों. कर्व्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, आणि त्यापायीं अश्लीलतेचे खटले सोसले. ज्ञान होतें, औषध होतें. दवाखान्याची पायरी चढण्याचें धैर्य नव्हतें.

१९८६ मध्यें भारतांत एचआयव्ही प्रथम आढळला, आणि बोट पुन्हां वेश्येकडेच वळलें. अशा वेळीं, १९९२ सालीं, मीना शेषू यांच्या पुढाकारानें सांगलींत 'संग्राम' ही संस्था उभी राहिली. तिनें सक्तीचा मार्ग सोडला. गोकुळनगरसारख्या वस्त्यांतील स्त्रियाच आपल्या सोबतिणींना माहिती सांगूं लागल्या, निरोध वांटूं लागल्या. १९९६ मध्यें त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' स्थापन झाली, आणि काम सातारा-कोल्हापुराकडेहि पसरलें. २००५ मध्यें अमेरिकेच्या मदतीला वेश्याव्यवसायाचा निषेध करण्याची अट जोडलेली होती. 'संग्राम'नें ती मदतच नाकारली. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें, त्यांनाच दूषण देऊन तें होणार कसें? २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानेंहि तपासणीस संमति हवी, हा नियम घातला.

यांत आपण काय घ्यावें? हे रोग वस्तीपुरते नसतात. पुष्कळदां, विशेषतः स्त्रियांत, लक्षण मुळींच दिसत नाहीं. गर्भवतीची गरमी पोटांतील मुलाला बाधते. रक्ताच्या साध्या परीक्षेनें ती कळते, पेनिसिलीननें जाते. परम्यावर मात्र पेनिसिलीन आतां चालत नाहीं, म्हणून मनानें औषध घेऊं नये. उपचार पुरा करावा, आणि तो जोडीदारासहि करावा. एचआयव्ही समूळ जात नसला तरी नियमित गोळ्यांनीं आटोक्यांत राहतो. सरकारी केंद्रांत त्या २००४ पासून विनामूल्य मिळतात.

गोकुळनगरच्या स्त्रीला जें उघड बोलतां आलें, तें सुशिक्षित घरांतील नवराबायकोला एकमेकांशीं आणि आपल्या डॉक्टरांशीं बोलतां येऊं नये काय?