घरचे वाय-फाय आणि सुरक्षेचा इशारा

घरच्या वाय-फायला जोडताना मोबाईलच्या पडद्यावर कधी ‘कमकुवत सुरक्षा’ असा इशारा उमटतो. पुष्कळजण त्याकडे दुर्लक्ष करतात. मोबाईल ठीकच असतो. राउटरचे कुलूप जुने झालेले असते. डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच भेदली गेली. २००४ पासून डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ उपलब्ध आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. माग काढीत पोलीस नवी मुंबईत, सानपाडा येथे एका अमेरिकन रहिवाशाच्या दारी पोहोचले. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते. ई-मेल दुसऱ्यांनीच त्यावरून पाठविला होता. चौकशीला तोंड मात्र त्याला द्यावे लागले. इंटरनेटवर जोडणीचा पत्ता तेवढा नोंदला जातो. ती कोणी वापरली, हे त्यावरून कळत नाही. आमच्या सोलापुरातही भिंतीला भिंत लागून घरे आहेत आणि राउटरच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत.

इशारा दिसल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ निवडून नवा, लांब पासवर्ड ठेवावा. सेटिंग उघडण्याचा मूळ पासवर्डही बदलावा. बहुधा हेच राहून जाते. जुन्या राउटरमध्ये ही सोय नसल्यास तो बदलून घ्यावा. ‘तुमचे वाय-फाय हॅक झाले आहे’ असे सांगून ओटीपी मागणाऱ्याचा फोन सरळ बंद करावा, असे आम्ही सुचवितो. पासवर्ड बदलल्यावर घरातील प्रत्येक मोबाईल व टीव्ही पुन्हा जोडावा लागतो.