व्यासपीठ सोडल्यानंतर

इ. स. १६५५ च्या नोव्हेंबर महिन्याची ८ तारीख. लंडनमधील सेंट पॉलच्या जुन्या महामंदिरात त्या दिवशी एक आगळी सभा भरली होती. जमलेली मंडळी बहुतेक शहरातील व्यापारी आणि उदमी. कोणी पेढीवर बसणारा, कोणी दुकान चालविणारा; परंतु एक नाते सर्वांना समान होते. प्रत्येकाचा पिता धर्मोपदेशक होता. व्यासपीठावर उभे राहिलेले जॉर्ज हॉल हेही एका बिशपचेच पुत्र. प्रवचन संपल्यावर या धर्मोपदेशकपुत्रांनी आपसांत वर्गणी गोळा केली. ती ज्यांच्यासाठी होती, ते त्यांच्या पित्यांचे जुने सहकारी व त्यांची कुटुंबे होती. या सहकाऱ्यांच्या अंगावर एकेकाळी झगा होता व माथ्यावर छप्पर होते. आता दोन्ही गेली होती.

हे संकट राज्यक्रांतीने आणले होते. राजा व पार्लमेंट यांच्या युद्धात राजपक्षाच्या सुमारे अडीच हजार धर्मोपदेशकांना आपापल्या जागा सोडाव्या लागल्या. पार्लमेंटने त्यांच्या बायकामुलांसाठी जागेच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राखून ठेवला होता खरा; पण नव्याने आलेला गृहस्थ तो हिस्सा सुखासुखी देईलच असे नव्हते. क्रॉमवेलचा अंमल चालू असताना अशा माणसांसाठी उघडपणे निधी उभारणे हे धाडसच होते. १६६० मध्ये राजा परतला आणि चक्र उलटे फिरले. १६६२ च्या कायद्याने आता विरुद्ध पक्षाचे, प्यूरिटन मताचे, सुमारे दोन हजार धर्मोपदेशक घराबाहेर पडले. त्यांच्या पंथीयांनीही पुढे १६९० च्या सुमारास आपला निधी उभारला आणि १७३३ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र संस्था काढली. मतांसाठी जे एकमेकांशी भांडले, त्यांच्या चुली मात्र एकाच रीतीने विझल्या.

१६५५ च्या त्या वर्गणीला १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाची सनद मिळाली आणि ती रीतसर संस्था झाली. ‘सन्स ऑफ द क्लर्जी’ म्हणजे ‘धर्मोपदेशकांचे पुत्र’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. या पुत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सर ख्रिस्तोफर रेन. तोही एका डीनचा मुलगा. १६६६ च्या आगीत भस्मसात झालेले सेंट पॉलचे मंदिर त्याने नव्याने उभारले आणि १६९७ मध्ये तेथे उपासना सुरू झाल्यावर संस्थेचा वार्षिक उत्सव त्याच घुमटाखाली भरू लागला. पर्सेल आणि हँडेल यांच्या भव्य रचना तेथे गाईल्या जात. संगीतासाठी श्रीमंत लोक येत, दारात थाळी फिरे, आणि त्या थाळीतील नाण्यांवर एखाद्या खेडेगावच्या दिवंगत धर्मोपदेशकाचा मुलगा लंडनमध्ये उमेदवारीवर धंदा शिके.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील धर्मोपदेशकाला विवाहाची मोकळीक मिळाली होती. ब्रह्मचारी कॅथलिक धर्मगुरूची काळजी त्याच्या मठाला वा बिशपला वाहता येत असे. संसारी धर्मोपदेशकाच्या मागे मात्र बायकामुले उरत. म्हणून आरंभीची सारी मदत विधवा आणि पोरकी मुले यांच्यासाठी होती. रॉचेस्टरचे बिशप जॉन वॉर्नर १६६६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार ब्रॉमली येथे वीस विधवांना राहण्यासाठी वास्तू उभी राहिली. पण जो धर्मोपदेशक मेला नाही, नुसताच म्हातारा झाला, खाटेला खिळला, त्याचे काय? या प्रश्नाकडे सुमारे दोनशे वर्षे कोणी नीटसे पाहिले नाही. याचे कारण त्याच्या जागेच्या स्वरूपातच दडलेले होते.

इंग्रज धर्मोपदेशकाची जागा ही आजच्या अर्थाने नोकरी नव्हती. ते तहहयात वतन होते. आपल्याकडील कुलकर्ण्याच्या वतनासारखे ते मुलाकडे जात नसे, एवढाच भेद. चर्चच्या मालकीची जमीन, गावच्या पिकाचा दशमांश आणि राहावयास घर, एवढे मिळून ते वतन होई. ते एकदा हाती आले की मोठा अपराध घडल्याखेरीज कोणी काढून घेऊ शकत नसे. या व्यवस्थेने उपदेशकाला जमीनदारापुढे मान ताठ ठेवून बोलण्याचे बळ दिले, हे तिचे मोठे श्रेय. पण तिच्यात निवृत्तीला दारच नव्हते. वतन सोडले की उत्पन्न गेले, आणि त्याबरोबर घरही गेले. इतकेच नव्हे, तर घराची जी पडझड झाली असेल तिची भरपाई जाणाऱ्याने, आणि तो मेला असल्यास त्याच्या वारसांनी, नव्या माणसाला द्यावी असा नियम होता. ज्याच्या पदरी औषधाला पैसा नाही, त्याने छपराच्या कौलांचे पैसे कोठून आणावेत? साहजिकच म्हातारा, आंधळा, पक्षाघाताने लुळा झालेला धर्मोपदेशक आपल्या जागेला चिकटून राही. त्याला लोभी म्हणणे सोपे होते. परंतु त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

ज्याची ऐपत असे तो एखादा तरुण मदतनीस ठेवी. त्याचा पगार २० ते ५० पौंडांच्या दरम्यान असावा असे १७१३ च्या कायद्याने ठरविले होते. परंतु कित्येक गावी सबंध वतनाचेच उत्पन्न ५० पौंडांच्या आत होते. तेथे आजारी माणसाने कोणाला काय द्यावे? मग रविवारी घंटा वाजे, चार म्हातारे येऊन बसत आणि व्यासपीठ रिकामेच राही.

ही दैना राजदरबारी पोहोचली नव्हती असे नाही. पूर्वी नव्याने वतन मिळालेल्याने पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि नंतर दरसाल दहावा हिस्सा पोपकडे भरावयाचा असे. १५३४ मध्ये आठव्या हेन्री राजाने ही रक्कम स्वतःच्या खजिन्याकडे वळविली. १७०४ मध्ये ॲन राणीने ती गरीब वतनांसाठी सोडून दिली. ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ या नावाने तो निधी प्रसिद्ध आहे. अगदी गरीब वतनांमधून चिठ्ठ्या टाकून निवड होई आणि निवडलेल्या वतनाच्या नावे २०० पौंडांची जमीन घेण्यात येई. योजना दूरदृष्टीची होती. पण तिने वतन सुधारले, माणूस नव्हे. जमिनीचे उत्पन्न वाढले तरी ते बसलेल्यालाच मिळणार. उठून गेलेल्याला नाही.

याच शतकात उत्तरेकडे स्कॉटलंडमध्ये मात्र एक वेगळाच विचार रुजला. ज्या स्कॉटिश चर्चच्या सेवेत पुढे मुंबईचे डॉ. जॉन विल्सन काम करीत होते, त्याच चर्चच्या रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी १७४० नंतर गावोगावची माहिती मागविली. कोणत्याही वेळी सुमारे ९३० धर्मोपदेशक हयात असतात, त्यांतील २७ दरसाल मरतात आणि १८ जणांच्या मागे विधवा उरतात, असा हिशेब त्यांनी बसविला. गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी तो तपासला आणि १७४४ मध्ये कायद्याने निधी उभा राहिला. प्रत्येकाने हयातीत ठराविक वर्गणी भरावयाची आणि त्याच्या विधवेला दरसाल १० ते २५ पौंड मिळावयाचे. आयुर्विम्याच्या इतिहासात या निधीचे स्थान फार मोठे आहे. दयेऐवजी येथे हिशेब आला होता. हिशेब हा शब्द कोरडा वाटतो. पण ज्या विधवेला कोणाच्या दारी अर्ज घेऊन जावे लागले नाही, तिला तो कोरडा वाटला नसावा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील प्रश्न कादंबऱ्यांत उतरला. अँथनी ट्रोलप यांच्या १८६७ मधील एका कादंबरीतील क्रॉली हा विद्वान पण दरिद्री धर्मोपदेशक वर्षाला १३० पौंडांवर संसार ओढतो आणि २० पौंडांच्या हुंडीच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो. तो आळ खोटा ठरतो. परंतु वाचकाच्या मनात राहते ती त्याची विटलेली वस्त्रे, आणि मदत नाकारताना त्याला होणारा क्लेश. हे चित्र केवळ कल्पनेतील नव्हते. गरजू धर्मोपदेशकांना रोख रक्कम आणि वापरण्याजोगे कपडे देणारी एक संस्था १८५६ पासून काम करीत होती. जो माणूस दर रविवारी दानाचे महत्त्व सांगे, त्याच्याच घरी गुपचूप जुन्या कोटांचे गाठोडे उतरत असे.

अखेर १८७१ मध्ये कायद्याने निवृत्तीचे दार किलकिले झाले. शरीराने वा मनाने कायमचा अपंग झालेला, आणि जागेवर किमान सात वर्षे काढलेला धर्मोपदेशक, चौकशी होऊन, राजीनामा देऊ शके. त्याला वतनाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत निवृत्तिवेतन मिळे. परंतु ते द्यावयाचे कोणी? त्याच्या जागी आलेल्याने. एका भाकरीचे दोन वाटे झाले. त्यातच अमेरिकेतील स्वस्त धान्य इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले. १८३६ पासून दशमांश रोख आकारला जाई आणि त्याचा दर धान्याच्या भावाशी जोडलेला होता. मूळच्या १०० पौंडांचे १९०१ पर्यंत जेमतेम ६७ पौंड उरले. म्हाताऱ्याला आपण तरुणाच्या ताटातले खातो याची लाज वाटे आणि तरुणाला म्हाताऱ्याच्या आयुष्याचे दिवस मोजण्याचा मोह होई. कायदा चांगल्या हेतूने झाला, परंतु त्याने दोन सज्जनांना एकमेकांच्या नजरेतून उतरविले.

त्यानंतर चक्रे जरा वेगाने फिरली. १८८६ मध्ये ऐच्छिक वर्गणीची निवृत्तिवेतन संस्था निघाली. पण ज्याला वर्गणी परवडे तोच तिचा सभासद होई. शेवटी १९२६ च्या कायद्याने सर्वांसाठी सक्तीची योजना आणि ती चालविणारे मंडळ अस्तित्वात आले. निवृत्तिवेतनाचा भार आता उत्तराधिकाऱ्यावर न पडता सर्वांच्या सामायिक निधीवर पडला. सत्तर वर्षांनंतर जागा सोडलीच पाहिजे हा नियम तर १९७५ मध्ये झाला, तोही पुढे येणाऱ्यांसाठी. तहहयात वतनाची कल्पना मोडावयास इतका काळ लागला!

निवृत्तिवेतनाने भाकरीची सोय झाली. आजारपणाची सोय वेगळी करावी लागली. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये धर्मार्थ रुग्णालये होती ती अगदी गरिबांसाठी, आणि श्रीमंताच्या घरी वैद्य येत. धर्मोपदेशक या दोहोंच्या मध्ये अडके. धर्मार्थ खाटेवर पडावे तर तो ‘सद्गृहस्थ’. वैद्याला घरी बोलवावे तर हाती पैसा नाही. ही अडचण ओळखून १८९२ मध्ये लंडनमध्ये सेंट ल्यूकच्या नावाने धर्मोपदेशकांसाठी एक शुश्रूषागृह निघाले. १९०७ पासून ते फिट्झरॉय चौकात होते. नामांकित शल्यवैद्य तेथे मोबदला न घेता काम करीत. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावरही हे रुग्णालय चालू राहिले आणि २००९ मध्ये बंद झाले. मात्र गरज संपली नाही. सरकारी शस्त्रक्रियेची वाट पाहत काढलेले महिने, आजारी पत्नीची रात्रंदिवस सेवा, जिना चढवेनासा झाल्यावर घरात करावे लागणारे फेरफार, हे खर्च निवृत्तिवेतनाच्या कोष्टकात बसत नाहीत. १६५५ च्या त्या वर्गणीतून निघालेली संस्था २०१९ पासून ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ या नावाने असल्याच खर्चांना हातभार लावीत आली आहे.

या इतिहासाचा एक धागा भारतातही येतो. कंपनी सरकारचे व पुढे ब्रिटिश सरकारचे गोरे चॅपलेन भारताच्या तिजोरीतून पगार घेत आणि तिच्यातूनच निवृत्तिवेतन. देशी धर्मसेवकाची गोष्ट निराळी होती. तो मिशनच्या पगारावर अवलंबून असे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये त्या पगारावरही पाणी सोडले आणि ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. धर्मसेवकाच्या घरात महिनाअखेर कशी भागत असे, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसास सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर मिशने मागे सरली. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि वृद्ध पाळकांचा भार आपापल्या मंडळ्यांनी व धर्मप्रांतांनी वाहण्याचे दिवस आले.

तीनशे साठ वर्षांहून अधिक काळाचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मदतीचे स्वरूप दानाकडून हक्काकडे सरकत गेले, आणि ते योग्यच झाले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसून धीर दिला, त्याने स्वतःच्या आजारपणात अर्ज लिहीत बसावे हे समाजाला शोभणारे नाही. तरीही हक्काच्या कोष्टकाबाहेर काही दुःखे उरतातच. तेथे पुन्हा कोणीतरी थाळी फिरवावी लागते. सेंट पॉलच्या मंदिरात जमलेल्या त्या व्यापाऱ्यांना निवृत्तिवेतनाचे गणित ठाऊक नव्हते. आपला बाप जिवंत असता तर आज कोणत्या दारात उभा राहिला असता, एवढेच त्यांना ठाऊक होते.