हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, मग तास का बदलले?

समजा, तुमच्यासमोर एक छोटा तक्ता आहे. हेलसिंकी ते टोकियो, न थांबता जाणारं विमान. १९८३ साली सुमारे १३ तास, २०१९ साली सुमारे साडेनऊ तास, २०२२ साली पुन्हा सुमारे १३ तास. पृथ्वीच्या गोलावर मोजलेलं कमीत कमी अंतर तिन्ही वर्षी तेच, साधारण ७,८०० किलोमीटर.

आता वेग काढा. ताशी ६०० किलोमीटर, मग ८२०, मग परत ६००. निष्कर्ष काय लिहाल? विमानं आधी वेगवान झाली आणि नंतर मंदावली?

भागाकार बरोबर आहे. गडबड 'अंतर' या शब्दात आहे.

जवळची वाट सायबेरियावरून जाते. शीतयुद्धाच्या काळात ती सोव्हिएत संघाची हवाई हद्द होती. फिनएअर या फिनलंडच्या कंपनीनं एप्रिल १९८३ मध्ये डीसी-१० विमानानं ही सेवा सुरू केली, तेव्हा विमान आधी उत्तर ध्रुवाकडे जायचं आणि मग बेरिंग सामुद्रधुनीवरून खाली जपानकडे वळायचं. ही हद्द म्हणजे नुसती कागदावरची रेघ नव्हती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं आणि २६९ माणसं गेली.

शीतयुद्ध संपल्यावर सायबेरियाची वाट नेहमीची झाली. आशियाला जायला सगळ्यात जवळचं ठिकाण हेलसिंकी, यावरच फिनएअरनं आपला व्यवसाय उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. युरोपीय संघानं रशियन विमानांना आपली हद्द बंद केली, रशियानंही तेच केलं. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमानं पुन्हा ध्रुवाच्या वाटेनं निघाली. या वेळी विमान एअरबस ए-३५० होतं, म्हणजे पुढच्या पिढीचं. तास मात्र १९८३ एवढेच.

आता ही वाट मोजून बघा. हेलसिंकी ६० अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुव ३० अंश दूर. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर इथवरच सुमारे ३,३०० झाले. तिथून बेरिंग सामुद्रधुनी आणि पुढे टोकियो हे तुकडे जोडले, की बेरीज साडेदहा हजारांच्या पुढे जाते. तिला १३ नं भागा. वेग परत ८०० च्या घरात येतो! विमान मंदावलं नव्हतंच, वाट लांबली होती.

तेव्हा उद्या एखाद्या डेटासेटमधला 'अंतर' हा रकाना उचलताना आधी विचारा, हे अंतर कुठल्या वाटेनं मोजलंय? ती वाट त्या वर्षी खुली होती का? इंधनाचा खर्च, कार्बन उत्सर्जन, प्रवासाचा वेळ, सगळं या आकड्यावर उभं राहतं. पायाच चुकला तर पुढचं सांख्यिकी कितीही नीटनेटकं असलं तरी प्रबंध वाचत नाही.